पाती आपटतात, हेलिकॉप्टर थरथरतं : नवशिक्यांसाठी घरबसल्या दुरुस्ती

सोलापुरात संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला की पुढचे पंधरा दिवस आमच्या गल्लीत हेलिकॉप्टरांचे असतात. जत्रेच्या होम मैदानावरून पोरं रिमोटची हेलिकॉप्टरं घेऊन येतात, दोन दिवस उडवतात आणि तिसऱ्या दिवशी एखादा दारात उभा असतो: "काका, नुसतं कडकड वाजायलंय बघा. पाती बदलली तरी वाजायलंय."

"पाती कितीदा बदललीस?"

"दोनदा."

गाडी इथेच चुकते. पाती तुटलेली दिसतात म्हणून आपण पाती बदलतो आणि ती का तुटली हे बघतच नाही. आमचे अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. धोटा (आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग) उडाला की नवा धोटा घालून माग सुरू करणारा जॉबर त्यांना चालत नसे. आधी धोटा ज्यामुळे उडाला ते शोधायचं. हेलिकॉप्टरचंही तेच आहे. पातं बहुतेक वेळा मार खाणारं असतं, मारणारा दुसराच कुणीतरी, आणि तो दांड्यात, लिंकमध्ये नाहीतर एखाद्या गच्च आवळलेल्या स्क्रूत लपलेला असतो.

हा लेख एकावर एक दोन पंखे असलेल्या, घरात उडवायच्या छोट्या हेलिकॉप्टरांबद्दल आहे. बाजारात जास्त करून हीच मिळतात, आणि पात्याला पातं लागण्याचा त्रासही यांनाच असतो.

आधी यंत्र समजून घ्या

वरचा पंखा एका दिशेने फिरतो, खालचा उलट्या दिशेने. त्यामुळे एकाचा पीळ दुसरा खातो आणि अंग जागेवर गरगरत नाही. हेलिकॉप्टर डावीकडे-उजवीकडे वळतं ते दोन पंख्यांच्या वेगात थोडा फरक पाडून. या दोन पंख्यांच्या मोटरी दोन, मोठे गिअरही दोन. खालचा पंखा पोकळ नळीवर बसलेला असतो आणि त्या नळीच्या पोटातून बारीक पोलादी दांडा वर जाऊन वरचा पंखा फिरवतो. दांडा एकीकडे फिरतो, नळी दुसरीकडे. वरच्या पंख्याला दोन्ही टोकांना वजन असलेली एक आडवी कांडी जोडलेली असते, तिला बॅलन्स बार म्हणतात. ती छोट्या प्लास्टिकच्या लिंकने पंख्याला धरलेली असते आणि हेलिकॉप्टर कललं तर वरच्या पंख्याला सावरते.

आता पाती एकमेकांना का लागतात ते बघू. पाती ताठ राहतात ती फिरण्याच्या जोरामुळे, बाहेरच्या बाजूला ताणली जाऊन. वेग कमी झाला की ताण कमी होतो आणि पाती वरखाली हलायला लागतात. त्यातच अंग एकदम कललं, तर खालचा पंखा अंगाबरोबर कलतो, पण वरचा बॅलन्स बारच्या धाकाने क्षणभर होता तिथेच राहतो. एका बाजूला दोघांमधलं अंतर मिटतं आणि कडकड ऐकू येते. म्हणून हा आवाज बहुतेक करून जमिनीवरून उठताना, उतरताना, भिंतीला घासल्यावर किंवा बॅटरी संपत आल्यावर येतो. हवेत शांत तरंगत असतानाही पाती लागत असतील, तर यंत्रातच काहीतरी ढिलं किंवा वाकडं आहे असं धरून चाला.

तयारी

मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात तसला बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर लागतो, नवी पेठेत मोबाईलच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. मोठ्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रूचं डोकं खाऊन ठेवू नका, नंतर तो कशानेच निघत नाही. बाकी एक चिमटा, चिकटपट्टी, शिलाई मशीनचं तेल, मार्कर आणि आरशाचा किंवा खिडकीच्या काचेचा एक सपाट तुकडा. स्क्रू ठेवायला स्टीलचं ताट घ्या आणि खाली कागद अंथरा. चादरीवर बसून काम करू नका. सोलापुरात राहून चादरीला नावं ठेवतोय असं नाही, पण तिच्या धाग्यांत हरवलेला दीड मिलिमीटरचा स्क्रू मला आजपर्यंत सापडलेला नाही.

आणि एक सवय लावून घ्या. सुरू करताना थ्रॉटल (पंख्यांचा वेग कमी-जास्त करायची रिमोटवरची दांडी) शून्यावर, आधी रिमोट चालू, मग हेलिकॉप्टर. बंद करताना आधी हेलिकॉप्टर, मग रिमोट. स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हेलिकॉप्टरचं बटण बंद हवं. पाती हलकी असली तरी डोळ्याला लागली तर खेळ राहत नाही, म्हणून फिरत्या पंख्याच्या जवळ तोंड आणू नका.

पहिली पायरी : केस आणि सूत काढा

हसू नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी हेलिकॉप्टरं एवढ्यानेच बरी होतात. आमचा भाग मागांचा. हवेत तंतू, फरशीवर तंतू, कपड्यांवर तंतू. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठताना हे सगळं वर ओढून घेतं आणि ते जाऊन बसतं दांडा आणि नळीच्या मधल्या फटीत, गिअरच्या खाली आणि शेपटीच्या मोटरीच्या आसावर. घरात लांब केस असलेलं कुणी असेल तर विचारूच नका. एक केस आसाला चार वेढे घालून बसला की मोटर जड होते, तो पंखा हळू फिरतो आणि हेलिकॉप्टर एकाच दिशेने गरगरत थरथरतं. चिमट्याने धागा ओढून काढा. अडकला असेल तर ब्लेडच्या टोकाने जपून कापा. मग दांडा नळीत शिरतो तिथे सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल लावा. जास्त तेल म्हणजे पुढच्या वेळी जास्त सूत.

दुसरी पायरी : पाती काढून चालवा

थरथर पात्यांची आहे की दांड्याची, हे शोधण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. चारही पाती काढा. काढताना कुठलं कुठलं होतं त्यावर मार्करने खूण करा. वरची आणि खालची पाती एकमेकांची उलटी असतात. बहुतेक मॉडेलांत मुळाशी ए आणि बी अशी बारीक अक्षरंही असतात. हेलिकॉप्टर पायांपाशी घट्ट धरा आणि थ्रॉटल अगदी थोडा, पाच-सात सेकंदच द्या. पात्यांचं ओझं नसल्यामुळे मोटरी सुसाट पळतात, जास्त चालवलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं.

हातात गुदगुल्या झाल्यासारखी थरथर अजून लागतेय? मग दोष दांडा, बॅलन्स बार किंवा गिअरमध्ये आहे. एकदम शांत झालं? मग पात्यांकडे वळा, म्हणजे थेट पाचव्या पायरीवर जा.

आवाजही ऐका. अण्णा चालू मागाच्या लाकडाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. तेवढं आपल्याला नको, पण एकसारखी घरघर आणि ठराविक अंतराने येणारी टकटक यांतला फरक कुणालाही कळतो. टकटक म्हणजे बहुधा गिअरचा एखादा दात गेलाय किंवा दातात कचरा अडकलाय. दात गेलेला गिअर बदलायचा, त्याला दुसरा इलाज नाही.

तिसरी पायरी : दांडा सरळ आहे का

वरच्या पंख्याचा बारीक दांडा हा या हेलिकॉप्टरचा सगळ्यात नाजूक भाग. पंख्यासकट डोक्यावर आपटलं की वाकतो तोच, आणि वाकलेला डोळ्याला दिसतही नाही. पाती नसताना वरचं डोकं बोटाने हळू फिरवा आणि बाजूने बघा. शेंडा जागेवर फिरतो की छोटा गोल काढतो? गोल काढत असेल तर दांडा बाहेर काढून काचेवर ठेवा आणि बोटाने लाटण्यासारखा फिरवा. सरळ दांडा गुळगुळीत घरंगळतो. वाकडा असेल तर उड्या मारतो आणि काच व दांड्याच्या मधून येणारा उजेड उघडझाप करतो. शहाबादी फरशीवर ही परीक्षा घेऊ नका, फरशी स्वतःच कुठे सपाट असते?

वाकलेला दांडा पक्कडीने सरळ करण्याच्या फंदात पडू नका, एक बाक काढताना दोन पडतात. खोक्यावरचा मॉडेल नंबर बघून नवा मागवा. पोकळ नळी वाकली असेल तर तीही बदलायची.

चौथी पायरी : ढिलेपणा शोधा

एका हाताने खालचा पंखा धरा आणि दुसऱ्या हाताने वरचं डोकं हळूच वर-खाली ओढा. कागदाच्या जाडीएवढं हललं तर ठीक. एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त सरकत असेल, तर कडकडीचं कारण तुम्हाला सापडलं. दांड्याच्या खालच्या टोकाला असलेला गिअर किंवा कडं सरकलंय, त्यामुळे वरचा पंखा खाली आलाय आणि दोन पंख्यांमधली जागाच कमी झालीय. वरचं डोकं वर ओढून धरा आणि खालचा गिअर वर दाबून बसवा. कड्याला बारीक स्क्रू असेल तर तो आवळा.

इथे माझी एक चूक सांगतो. माझ्या पहिल्या हेलिकॉप्टरचा गिअर असाच सरकायचा. मी त्यावर फेविक्विकचा थेंब टाकला, खालून नाही, वरून. तो दांड्यावरून ओघळत नळीत गेला आणि दांडा व नळी एकजीव झाले. एकमेकांच्या उलटं फिरायचे ते दोघे जन्माचे सोबती झाले. गोंद लावायचाच असेल तर दांडा पूर्ण बाहेर काढून, टाचणीच्या टोकाने, फक्त गिअर बसतो तेवढ्या जागी लावा. वाळल्यावरच परत घाला.

मग लिंक बघा. बॅलन्स बारपासून पंख्याकडे जाणाऱ्या छोट्या काड्या गोळ्यांवर बसलेल्या असतात. एखादी निसटली असेल तर वरचा पंखा मनाला येईल तसा कलतो आणि खालच्यावर जाऊन आदळतो. चिमट्याने दाबून बसवता येते, टक असा आवाज येतो. वारंवार निसटत असेल तर तिचं भोक मोठं झालंय, नवी लिंक घ्या. बॅलन्स बार बोटाने हलवला की मोकळा झोके घ्यायला हवा आणि डोळ्यासमोर आडवा धरला की सरळ दिसायला हवा. त्याच्या एका टोकाचं वजन पडलं असेल तर बाकी काहीही केलं तरी थरथर जाणार नाही.

पाचवी पायरी : पाती

इथे वेळ घालवा. साधा हिशोब बघा. पंख्याच्या मध्यापासून ८ सेंटिमीटरवर ०.१ ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे आणि पंखा मिनिटाला १५०० फेरे घेतोय असं समजा. ते वजन दांड्याला बाहेर ओढतं सुमारे २० ग्रॅमच्या जोराने, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्याबरोबर गोल फिरते. तळहातावर मावणारं अख्खं हेलिकॉप्टर ३५-४० ग्रॅमचं! वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. मग चिकटपट्टीचा एक तुकडासुद्धा का महत्त्वाचा ते कळेल.

आधी पाती नुसती बघा. मुळाशी भोकाभोवती पांढरी रेघ दिसली तर ती भेग आहे, ते पातं टाकून द्या. कडा खाल्लेली असेल तर त्या पंख्याची दोन्ही पाती एकदम बदला. एक जुनं आणि एक नवं ही जोडी कधीच जमत नाही. टोक तुटलं म्हणून दुसऱ्याचंही तेवढंच कापणारे मी पाहिलेत. काही वेळा उडतंही, पण मग पुरेसं उचलत नाही आणि मोटरी तापतात.

पातं पिळलं असेल तर कडकडीत नाही, हात सोसेल त्याहून जरा जास्त गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, हव्या त्या आकारात धरा आणि गार पाण्यात घाला. उकळत्या पाण्यात घातलं तर पात्याची भजी होतात.

आता तोल. एकाच पंख्याची दोन पाती घ्या. प्रत्येक पातं पट्टीच्या कडेवर आडवं ठेवून ते कुठे तोलतं तिथे मार्करने रेघ मारा. दोन्ही रेघा मुळापासून सारख्या अंतरावर हव्यात. नसतील तर ज्याची रेघ मुळाच्या जास्त जवळ आहे त्याच्या टोकाकडे चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा आणि रेघा जुळेपर्यंत कमी-जास्त करा. त्यानंतर दोघांची भोकं एकावर एक आणून त्यात नेमका बसेल असा बारीक बोल्ट घाला, पाती एका सरळ रेषेत ठेवून नट आवळा आणि बोल्टची दोन टोकं दोन कपांच्या काठांवर टेकवा. झाला तराजू. जी बाजू वर जाते ती हलकी. तिच्यावर पट्टी लावायची ती आपण मारलेल्या रेघेवरच, म्हणजे आधी जुळवलेलं बिघडत नाही. ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावरही पाती तोलून घेता येतात. मी एकदा गेलो होतो, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने दिला काटा.

चिकटपट्टी पात्याच्या वरच्या अंगाला लावा आणि पुढच्या कडेवरून दुमडू नका, वाऱ्याने सुटते. पुढची कड म्हणजे जाड, गोलसर बाजू. पंखा फिरतो त्या दिशेला तीच पुढे असायला हवी. पातळ कड पुढे असेल तर तुम्ही पाती उलटसुलट बसवलीत आणि हेलिकॉप्टर जमिनीवरच गुरगुरत बसणार.

सहावी पायरी : स्क्रू किती आवळायचा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथे होते, मीही केलीय. थरथरतंय म्हणजे ढिलं असणार, असं समजून आपण पात्याचे स्क्रू गच्च पिळतो. त्याने थरथर वाढते. पातं आपल्या स्क्रूभोवती मोकळं फिरलं पाहिजे, कारण पंखा सुरू झाला की फिरण्याच्या जोराने दोन्ही पाती स्वतःच एका रेषेत येतात. गच्च आवळलेलं पातं जरा मागे अडकलं तर तिथेच राहतं आणि तोल जातो. शिवाय भिंतीला लागल्यावर मोकळं पातं मागे दुमडतं, गच्च पातं मोडतं.

परीक्षा अशी : हेलिकॉप्टर कुशीवर आडवं धरा. पाती आपल्या वजनाने खाली पडायला हवीत. नाही पडली तर स्क्रू पाव फेरा सैल करा. पण पात्याचं टोक धरून वर-खाली हलवलं तर मुळाशी खुळखुळायला नको. तसं होत असेल तर भोक मोठं झालंय, पातं बदला. स्क्रू आपोआप सुटत असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका पुरतो. पुन्हा उघडायलाही त्रास होत नाही.

सातवी पायरी : दोन्ही पाती एका वाटेने जातात का

पाती परत बसवा. एकाच पंख्याच्या एका पात्याच्या टोकाला लाल ठिपका करा, दुसऱ्याच्या टोकाला काळा. हेलिकॉप्टर दोन-तीन फुटांवर तरंगत ठेवा आणि चार-पाच फूट लांबून, पंख्याच्या उंचीला डोळे आणून बघा. चष्मा असेल तर घाला. त्या पंख्याची एकच रेघ दिसली तर उत्तम. दोन रेघा दिसल्या तर वरच्या रेघेचा रंग ओळखा, त्या पात्याची पुढची कड मुळापाशी अगदी किंचित खाली पिळा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला तर राहू द्या. हेलिकॉप्टर खेळण्यातलं आहे.

पुढे जायची कळ दाबल्यावरच थरथर येते, एरवी नाही? मग मोठ्या पंख्यांना सोडा, शेपटीचा छोटा आडवा पंखा बघा. या हेलिकॉप्टरांत तो फक्त पुढे-मागे जाण्यासाठी फिरतो.

उडवताना

दुरुस्त केलेलं हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडवताना डोक्यावरचा पंखा बंद करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना घरातले शिव्या घालतील, पण छताच्या पंख्याचा वारा वरून पडला की हे खेळणं सावरत नाही. दहा-बारा फुटांच्या खोलीत उडवत असाल तर मधोमध उभे राहा. जमिनीपासून पहिला फूटभर स्वतःचीच हवा खाली आदळून परत येते, हेलिकॉप्टर तिथे डगमगतं, म्हणून उठताना तिथे रेंगाळू नका. पण थ्रॉटलला झटकाही देऊ नका, झटक्यानेच पाती लागतात. छताला अगदी जवळ नेलं तर ते वर ओढलं जाऊन चिकटतं. भिंतीपासून दोन हात लांब ठेवा. उतरवताना थ्रॉटल एकदम सोडण्यापेक्षा थोडा थोडा कमी करा.

रिमोट इन्फ्रारेडचा असेल तर उन्हाच्या कवडशात हेलिकॉप्टर रिमोटचं ऐकेनासं होतं. आपल्याकडच्या उन्हात तर गॅलरीचं दार उघडं असलं तरी पुरतं. पडदा ओढा किंवा संध्याकाळी उडवा.

बॅटरी एका सेलची, ३.७ व्होल्टची लिथियम पॉलिमर असते. सहा-आठ मिनिटं उडतं, मग ताकद उतरते. उंची टिकवायला थ्रॉटल जास्त लागायला लागला की उतरवा. पंख्यांचा वेग तेव्हाच कमी झालेला असतो आणि कडकड तेव्हाच सुरू होते. पोरं नेमकं याच वेळी "अजून एकदा" म्हणतात. उतरल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या. चार्जिंग तुमच्या डोळ्यांसमोर, फरशीवर करा, गादीवर नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. आणि पत्र्याच्या खोलीत, पोटमाळ्यावर हेलिकॉप्टर ठेवू नका. परवा जो मुलगा आला होता त्याची बॅटरी तिथेच फुगली होती. त्याचा वरचा दांडा वाकलेला निघाला, पाती चारही ठणठणीत. दांडा मागवलाय, येईपर्यंत रोज दारात येऊन विचारतो, "काका, आलं का?"